संकटकाळातील ख्रिस्ती शांती : कार्डिनल व्हान थुआन यांच्या बंदिवासाच्या प्रकाशात

मनुष्याच्या जीवनात संकट येणारच नाही, असे आश्वासन शुभवर्तमान कोठेही देत नाही. दुर्धर आजार, आप्तांचा अकाली मृत्यू, डोक्यावरील कर्ज, कुटुंबातील दुरावा, हातची गेलेली नोकरी ही संकटे श्रद्धावंताचे घर वगळून पुढे जात नाहीत. अशा प्रसंगी धर्मगुरूंकडे येणाऱ्या माणसाच्या तोंडी पुष्कळदा एकच प्रश्न असतो : ‘फादर, मी रोज प्रार्थना करतो, मिस्साला येतो, तरीही मनाला शांती का लाभत नाही? माझी श्रद्धा कमी पडते आहे का?’ ह्या प्रश्नात मूळचे दुःख तर असतेच. शिवाय त्यावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे चढलेले असते.

संकटकाळातील ख्रिस्ती शांती म्हणजे नेमके काय, ती कोणत्या मार्गांनी लाभते आणि कशाला शांती म्हणता येणार नाही, ह्याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. ह्या विषयावरील शिकवण बायबलमध्ये आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत विपुल आहे. तथापि, ती शिकवण प्रत्यक्ष जगलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे ती अधिक स्पष्ट होते. म्हणून व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांच्या तेरा वर्षांच्या बंदिवासाचा आधार येथे घेतला आहे.

बायबलमधील ‘शांती’

जुन्या करारात शांतीसाठी ‘शालोम’ हा हिब्रू शब्द येतो. त्याच्या मुळाशी पूर्णत्वाची, अभंगतेची कल्पना आहे. युद्ध थांबणे किंवा गोंगाट नसणे एवढाच त्याचा अर्थ नाही. देवाशी, शेजाऱ्याशी आणि स्वतःशी असलेले नाते जुळलेले असणे म्हणजे शालोम. नव्या करारात ‘एइरेने’ हा ग्रीक शब्द वापरला आहे आणि त्यात हाच हिब्रू आशय उतरला आहे.

प्रभू येशूने आपली शांती शिष्यांना केव्हा दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संत योहानच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायानुसार ती शेवटच्या भोजनाच्या रात्री दिली गेली. यहूदा बाहेर पडलेला होता, पेत्र त्याला नाकारणार होता आणि दुसऱ्याच दिवशी क्रूस उभा राहणार होता. सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस तर जगातील क्लेश आणि ख्रिस्तामधील शांती ह्या दोन्ही गोष्टी एकाच वचनात शेजारी शेजारी येतात. पुनरुत्थानानंतर बंद दाराआड भेदरून बसलेल्या शिष्यांना प्रभूने शांतीचे अभिवादन केले आणि लगेच आपले हात व कूस त्यांना दाखविली. त्याच्या जखमा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या जखमांसहच तो शांतीचा दाता म्हणून उभा होता.

ह्याचा अर्थ प्रभूला मनोवेदना शिवलीच नाही, असा मात्र नव्हे. गेथशेमानी बागेत तो अत्यंत व्याकूळ झाला आणि दुःखाचा प्याला आपल्यापासून दूर व्हावा, अशी विनवणी त्याने पित्याकडे केली. व्याकुळता म्हणजे अश्रद्धा नव्हे, ह्याचा याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

संत पौलने देवाच्या शांतीविषयी जे लिहिले, ते फिलिप्पैकरांस पत्रात, आणि ते पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिले. फिलिप्पै हे तेच शहर, जेथे पौल व सीला यांना फटके मारून त्यांचे पाय खोड्यात अडकविण्यात आले होते आणि मध्यरात्री ते दोघे देवाची स्तोत्रे गात होते. तुरुंग आणि शांती ही जोडी ख्रिस्ती परंपरेत अशी प्रारंभापासूनच आहे.

एका बिशपांची अटक

व्हान थुआन यांचा जन्म 17 एप्रिल 1928 रोजी व्हिएतनाममधील ह्यूए येथे झाला. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्यांना लाभले, त्या संताचे पवित्र शरीर जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत आहे. दक्षिण व्हिएतनामचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम हे त्यांचे मामा. 1963 साली झालेल्या लष्करी उठावात दिएम यांची हत्या झाली. म्हणजे संकट म्हणजे काय, हे ह्या कुटुंबाला तुरुंगवासाच्या पुष्कळ आधीच ठाऊक झाले होते.

व्हान थुआन यांना 1953 साली गुरुदीक्षा मिळाली. रोम येथे धर्मकायद्याचे उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि 1967 साली न्हा ट्रांग धर्मप्रांताचे बिशप झाले. तेथील आठ वर्षांत त्यांनी सेमिनरी वाढविल्या, तरुणांना व प्रापंचिकांना धर्मकार्यासाठी तयार केले, शाळा उभारल्या. 24 एप्रिल 1975 रोजी पोप पॉल सहावे यांनी सायगावचे सहायक आर्चबिशप म्हणून, उत्तराधिकाराच्या हक्कासह, त्यांची नेमणूक केली. त्यानंतर सहाच दिवसांनी, 30 एप्रिल रोजी, सायगाव कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडले.

15 ऑगस्ट 1975 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, त्यांना अटक झाली. त्या वेळी त्यांच्या खिशात फक्त जपमाळ होती. ते 47 वर्षांचे होते. पुढील तेरा वर्षे ते बंदिवासात राहिले आणि त्यांपैकी नऊ वर्षे त्यांना एकांतकोठडीत काढावी लागली. त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही. शिक्षा झालेला कैदी निदान उरलेले दिवस मोजू शकतो. त्यांच्यापाशी मोजण्यासारखे काहीच नव्हते.

देव आणि देवाची कामे

व्हान थुआन यांच्या कोठडीला खिडकी नव्हती. कधी दिवसचे दिवस विजेचा दिवा जळत राही, तर कधी सतत अंधार असे. उकाडा व दमटपणा यांमुळे जीव गुदमरे. श्वास घेता यावा म्हणून जमिनीवर पडून दाराच्या तळाशी असलेल्या फटीजवळ नाक न्यावे लागे. आपण वेडाच्या काठावर उभे आहोत, असे त्यांना वाटे.

त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, देहाच्या हालांपेक्षा एक विचार त्यांना अधिक छळत होता. आपण ऐन उमेदीत आहोत, आठ वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, देवासाठी कितीतरी कामे हाती घेतली आहेत आणि ती सर्व अर्धवट टाकून आपण येथे पडून आहोत, हा तो विचार. त्यात स्वार्थ नव्हता. ती कळवळ मेंढपाळाची होती. परंतु तिने त्यांची झोप हिरावून घेतली होती.

एका रात्री त्यांना अंतर्यामी एक जाणीव झाली : देव वेगळा आणि देवाची कामे वेगळी. धर्मग्रामांच्या भेटी, सेमिनरी, शाळा, शुभवर्तमानाचा प्रसार हे सारे उत्तम. पण ही देवाची कामे आहेत, प्रत्यक्ष देव नव्हे. ती कामे सोडावीत अशी देवाची इच्छा असेल, तर ती त्याच्या हाती सोपवावीत. तो ती अधिक समर्थ माणसांकडून करवून घेईल. आपण निवड केली होती ती देवाची, त्याच्या कामांची नव्हे. ह्या जाणिवेने आपल्याला नवी शांती लाभली आणि पुढील कठीण प्रसंगांत तिनेच आपल्याला तारले, असे त्यांनी पुढे वारंवार सांगितले.

हा फरक केवळ बिशपांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुलांचे संगोपन, वृद्ध आईवडिलांची सेवा, प्रामाणिकपणे उभा केलेला व्यवसाय, धर्मग्रामातील कार्य ही सारी देवाचीच कामे आहेत. ती हातून निसटली की आपल्याला वाटते, देवच निसटला. अंथरुणाला खिळलेली आई म्हणते, ‘मी आता कोणाच्याच उपयोगाची नाही.’ तिच्या हातून काम गेले आहे. ज्याच्यासाठी ती काम करीत होती, तो मात्र तिच्या उशाशीच आहे. ख्रिस्ती शांतीचा पाया ह्याच भेदावर उभा आहे. जे हिरावून घेतले जाऊ शकते त्यावर शांती टेकलेली असेल, तर ती कधी ना कधी कोसळणारच.

शांतीची छोटी साधने

ही जाणीव एका रात्रीत झाली. पण ती तेरा वर्षे टिकवून धरावी लागली. त्यासाठी व्हान थुआन यांनी वापरलेली साधने अगदी साधी होती.

पहिले साधन म्हणजे चालू क्षण. अटकेनंतर दोन पोलिसांच्या मध्ये बसवून त्यांना मोटारीने 450 किलोमीटर दूर नेण्यात आले. त्या प्रवासातच त्यांनी निश्चय केला की सुटकेची वाट पाहत बसायचे नाही. हातात असलेला प्रत्येक क्षण प्रीतीने भरायचा. तुरुंगाबाहेरील मोठी कामे अशक्य होती. समोरच्या माणसाशी प्रीतीने वागणे मात्र शक्य होते.

दुसरे साधन होते शब्द. 1975 च्या ऑक्टोबरमध्ये ते एका खेड्यात नजरकैदेत होते. तेव्हा सात वर्षांच्या एका मुलाकडून त्यांनी जुन्या कॅलेंडरची पाने मागविली. त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर ते रात्री आपल्या श्रद्धावंतांसाठी छोटे छोटे विचार लिहीत, मुलगा ती पाने घरी नेई आणि त्याची भावंडे त्यांच्या नकला करीत. अशा 1001 विचारांचे मिळून ‘आशेचा मार्ग’ हे पुस्तक तयार झाले.

तिसरे आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे पवित्र मिस्सा. अटकेनंतर कपडे व टूथपेस्ट यांसारख्या गरजेच्या वस्तू मागविण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी ‘पोटदुखीचे औषध’ मागितले. बाहेरच्या श्रद्धावंतांना खूण पटली. त्यांनी औषध म्हणून मिस्सासाठी लागणारा थोडा द्राक्षारस पाठविला आणि दमट हवेपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून ओस्त्या विजेरीत लपवून दिल्या. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. तो तळहात हीच त्यांची वेदी आणि तेच त्यांचे कॅथेड्रल.

पुढे त्यांना उत्तरेकडील शिबिरात हलविण्यात आले. तेथे पन्नास पन्नास कैदी एकत्र झोपत. रात्री साडेनऊला दिवे मालवल्यावर ते आपल्या जागेवर वाकून, पाठ असलेल्या प्रार्थनांनिशी मिस्सा करीत आणि मच्छरदाणीखालून हात पुढे करून शेजारच्या कॅथोलिक बंदिवानांना ख्रिस्तशरीर देत. सिगारेटच्या पाकिटांतील कागदाच्या पुड्या करून त्यांत पवित्र साक्रामेंत जपून ठेवले जाई आणि आठवड्याच्या राजकीय वर्गाच्या मधल्या सुट्टीत ते इतर गटांपर्यंत पोहोचविले जाई. रात्री कैदी पाळीपाळीने आराधना करीत.

ह्याचबरोबर त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे : प्रार्थना करता येत नाही असे दीर्घ काळ त्यांच्याही वाट्याला आले. आजार व अशक्तपणा यांमुळे दीर्घ प्रार्थना तर दूरच, नेहमीच्या प्रार्थनाही पूर्ण होत नसत. तेव्हा ते आपले नाव घेऊन प्रभूला एवढेच कळवीत की मी येथे आहे. अशी एका ओळीची प्रार्थनाही प्रार्थनाच होय.

वैऱ्याशी समेट

पहाऱ्यावरील शिपायांना आरंभी त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती. ‘ह्या धोकादायक बिशपचा संसर्ग’ होऊ नये म्हणून शिपाई दर पंधरवड्याला बदलले जात. काही काळाने अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की असेच चालू ठेवले, तर सर्वच शिपायांना हा संसर्ग होईल; तेव्हा त्यांनी बदल्या बंद केल्या. व्हान थुआन शिपायांना परक्या देशांच्या गोष्टी सांगत, फ्रेंच व इंग्रजी शिकवीत. लॅटिन शिकू पाहणाऱ्या एका शिपायाने तर पवित्र आत्म्याला आवाहन करणारे प्राचीन लॅटिन स्तोत्र पाठ केले आणि तो रोज सकाळी व्यायामाच्या वेळी ते मोठ्याने गाऊ लागला.

शिपायांच्याच मूक संमतीने त्यांनी लाकडाचा एक लहानसा क्रूस कोरला आणि तो साबणाच्या वडीत लपवून ठेवला. पुढे विजेच्या तारेच्या तुकड्यांपासून त्याची साखळीही तयार झाली. सुटकेनंतर बिशप म्हणून ते हाच क्रूस गळ्यात घालीत. द्वेष उरला असता, तर ते लाकूड त्यांना केवळ छळाची आठवण देत राहिले असते. क्षमेशिवाय शांती अपुरी राहते, ही शुभवर्तमानाची शिकवण त्या क्रूसात दिसते.

21 नोव्हेंबर 1988 रोजी, पवित्र मरियेच्या समर्पणाच्या सणाच्या दिवशी, त्यांची सुटका झाली. तुमची काही इच्छा आहे का, असे मंत्र्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी सुटका मागितली. केव्हा हवी, ह्यावर ‘आजच’ असे उत्तर दिले. आपण तीन पोपांच्या आणि सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या चार सरचिटणीसांच्या कारकिर्दीइतका काळ तुरुंगात काढला, असे कारण त्यांनी हसत हसत पुढे केले. तेरा वर्षांनंतरही विनोदबुद्धी शाबूत होती.

1991 पासून त्यांना मायदेशाबाहेर राहावे लागले. 1998 साली ते रोममधील तत्कालीन न्याय व शांती परिषदेचे अध्यक्ष झाले. 2000 सालच्या उपवासकाळात पोप जॉन पॉल दुसरे व रोमन कुरिया यांना त्यांनी तपसाधना दिली. फेब्रुवारी 2001 मध्ये ते कार्डिनल झाले आणि 16 सप्टेंबर 2002 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेवरील आपल्या 2007 सालच्या ‘स्पे साल्वी’ ह्या परिपत्रात त्यांचा आदराने उल्लेख केला. 4 मे 2017 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या असामान्य सद्गुणांना मान्यता दिली. तेव्हापासून त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी आहे.

आपल्यासाठी उपलब्ध मार्ग

बहुतेकांच्या वाट्याला कोठडी येत नाही. पण आजाऱ्याची खोली, रिकामे झालेले घर, न्यायालयाचे हेलपाटे ही प्रत्येकाची आपापली कोठडी असते. तेथे ख्रिस्तसभा पुढील साधने आपल्या हाती देते.

पहिले, स्तोत्रसंहिता. तिच्यातील फार मोठा भाग विलापाचा आहे. देवाला जाब विचारणारी, ‘किती काळ’ असा टाहो फोडणारी स्तोत्रे तिच्यात आहेत. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते आपल्या नित्यप्रार्थनेत, शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत, ठेवले आहे. देवापुढे रडणे ही प्रार्थनाच आहे. ज्याला आपले शब्द सापडत नाहीत, त्याने स्तोत्रकर्त्याचे शब्द उसने घ्यावेत.

दुसरे, संत इग्नेशियस लोयोला यांचे मार्गदर्शन. मे 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून ते अंथरुणाला खिळले. तेव्हापासून स्वतःच्या मनाची चढउतार न्याहाळून त्यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथात काही नियम नोंदविले. त्यांतील सर्वांत उपयुक्त नियम असा की मन काळोखाने घेरलेले असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. विवाह मोडणे, दीक्षा सोडणे, चर्चकडे पाठ फिरविणे असे निर्णय अशा रात्री घेऊ नयेत. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवावी, धीर धरावा आणि सांत्वन पुन्हा येईल ह्याचे स्मरण ठेवावे.

तिसरे, रुग्णाभ्यंगाचा संस्कार. हा संस्कार केवळ मरणोन्मुख माणसासाठी आहे, हा समज अजूनही काही घरांत आढळतो. धर्मगुरू घरी आले की रुग्णच घाबरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणि त्यानंतर पोप पॉल सहावे यांनी 1972 साली ही बाब स्पष्ट केली आहे. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने क्षीण झालेल्यांना हा संस्कार देता येतो आणि आजार बळावल्यास तो पुन्हाही घेता येतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार (क्रमांक 1520) बळ, शांती व धैर्य ही ह्या संस्काराची पहिली कृपा आहे.

चौथे, मिस्सा आणि श्रद्धावंतांचा समाज. प्रभूच्या प्रार्थनेनंतर धर्मगुरू शांतीसाठी प्रार्थना करतो, तेव्हा तो कोणा एकाच्या श्रद्धेचा हवाला देत नाही. तो संपूर्ण ख्रिस्तसभेच्या श्रद्धेवर विसंबतो. ‘माझी श्रद्धा कमी पडते का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कमी पडत असेलही. पण आपण एकटे नाही. व्हान थुआन यांच्यासाठीही कोणीतरी विजेरीत ओस्त्या भरल्या होत्या. संकटातील शेजाऱ्यासाठी ते काम आज आपल्याला करायचे आहे : डबा पोहोचविणे, रुग्णालयात रात्री सोबत बसणे, उपदेश न करता ऐकून घेणे.

काही गैरसमज

शांती म्हणजे बधिरपणा नव्हे. शोक करणारा श्रद्धावंत कमकुवत नसतो. लाजरच्या कबरीपाशी प्रभूही रडला. शांती म्हणजे अन्याय निमूटपणे सोसणेही नव्हे. घरातील मारहाण ‘क्रूस’ म्हणून सोसण्याचा सल्ला कोणी कोणाला देऊ नये. तसेच प्रार्थना ही उपचारांना पर्याय नव्हे. बेन सिराच्या बोधग्रंथातील 38 वा अध्याय वैद्याला देवानेच निर्माण केले आहे, असे सांगतो. दीर्घकाळ झोप न लागणे, कशातही मन न रमणे, जगणे नकोसे वाटणे अशी चिन्हे दिसली, तर विनासंकोच मनोविकारतज्ज्ञांकडे जावे आणि घरच्यांनी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. मनाच्या आजाराला श्रद्धेचा अभाव म्हणणे हे अज्ञान तर आहेच. ते निर्दयपणाचेही आहे.

प्रभूने वादळ शमविण्यापूर्वी तो त्याच होडीत उशीवर डोके ठेवून निजला होता. वादळ शमले ते नंतर; तो होडीत होता तो आधीपासूनच. आज ज्यांच्या होडीत पाणी शिरले आहे, त्या बंधुभगिनींनी मोठी प्रार्थना जमत नसेल, तर मोठी प्रार्थना करू नये. आपले नाव घेऊन, ‘प्रभो, मी येथे आहे’ एवढेच म्हणावे आणि समोरचे आजचे छोटे काम प्रीतीने करावे. उरलेले काम त्याचे आहे. जखमा अंगावर बाळगूनच शांती देणारा तो पुनरुत्थित प्रभू आपणा सर्वांना आपल्या शांतीत राखो.